नीळकंठ मास्तरांचे पेन्शनर

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात उन्हाळा लागला की पाण्याची बोंब सुरू व्हायची. सकाळी नळावर घागरींची रांग लागे, रांगेत भांडणं लागत आणि भांडणं मिटेपर्यंत नळ गेलेला असे. त्या दिवसांत आम्ही सगळे एक दिवसाआड आंघोळ करत असू. नीळकंठ मास्तरही एक दिवसाआडच करत. त्यांची गांडुळं मात्र रोज न्हात, आणि तीही आमच्याच नळाच्या पाण्यानं.

मास्तरांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मधे एक कुडाची भिंत, तिच्यातून त्यांचं खोकणं मला आणि माझं बायकोशी बोलणं त्यांना ऐकू जाई. मी तेव्हा एका वकिलाकडे कारकून होतो. मास्तर शाळेत शास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना एक उपरणं आणि नारळ दिला. वर्गात पाळलेली गांडुळं त्यांनी स्वतः मागून घेतली. हेडमास्तरांनी कुठलीही चौकशी न करता ती ताबडतोब देऊन टाकली असं म्हणतात, आणि त्यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

ओट्यावर तीन मोठ्या कुंड्या असायच्या. सबंध ओट्यावर सावलीची जागा एकच होती. तिथं कुंड्या, त्यांवर ओलं पोतं, आणि शेजारी आमचा पिण्याच्या पाण्याचा माठ. मास्तर स्वतः उन्हात बसत. पहिल्या कुंडीचं नाव बालवर्ग, दुसरीचं संसारी आणि तिसरीचं पेन्शनर. गांडुळाचं वय कसं ओळखता, असं मी एकदा विचारलं.

"सोपं आहे की. संसाऱ्याच्या अंगावर पट्टा असतो. लेकराच्या अंगावर नसतो."

"आणि पेन्शनरांच्या?"

"पेन्शनर मी पाळलेत भाऊराव. ते कुठनं बदली होऊन आलेले नाहीत. बारकी होती तेव्हापासून मी त्यांना ओळखतो."

यातला एक पेन्शनर तर बोळात प्रसिद्ध होता. त्याचं नाव आप्पा. फार वर्षांपूर्वी वर्गात एका विद्यार्थ्याच्या टाचेखाली आप्पाचं शेपटाकडचं टोक तुटलं, मग हळूहळू नवं आलं, पण ते कायमचं फिकट राहिलं. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा हातावर घेऊन दाखवत. चहाला आलेला पाहुणा यामुळे चहा न घेताच जाई, म्हणजे खर्चही वाचे.

मास्तरांचं एक पालुपद होतं. "सिद्ध झालं का?" आपण काहीही बोला, आज लई उकडतंय म्हणा, की हा माणूस विचारणार, "सिद्ध झालं का?" आणि आत जाऊन थर्मामीटर घेऊन येणार. अमक्याला दृष्ट लागली, तमक्या विहिरीचं पाणी जड आहे, अमावास्येला घराबाहेर पडू नये, या सगळ्यावर एकच प्रश्न. मी कचेरीत दिवसभर सिद्ध न झालेल्या गोष्टींवरच पोट भरत असल्यामुळे मला हा प्रश्न वैयक्तिक वाटायचा.

एकदा बोळातल्या एका मुलीला बघायला मोहोळची मंडळी आली. मुलाचा चुलता म्हणाला, आमचा मुलगा अगदी निर्व्यसनी. मास्तर पाणी द्यायला म्हणून तिथं गेले होते. त्यांनी विचारलं, "सिद्ध झालं का?" आणि नवऱ्या मुलाला आ करायला लावलं. दातांवरून तंबाखू सिद्ध झाली आणि लग्न मोडलं. मुलीनं मनातल्या मनात मास्तरांना दुवा दिला असेल, पण मुलीच्या बापानं वर्षभर त्यांना तोंड दाखवलं नाही. त्यानंतर बघण्याच्या कार्यक्रमाला मास्तरांना आत बंद करून ठेवायची जबाबदारी गोदाक्कांवर आली.

गोदाक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. या माणसाला जगात जर कुणाचा धाक होता तर तो तिचा. मोहोळजवळच्या एका खेड्यात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या, मग प्लेगात आईबाप एकापाठोपाठ गेले, आणि धाकटं भावंड अक्कांच्या पदरात पडलं. दुसऱ्यांच्या रानात खुरपून, जात्यावर दळून त्यांनी त्याला शिकवलं. मास्तरांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं तर ते म्हणत, "गरज सिद्ध झाली नाही." केस पांढरे झालेल्या या विद्वानाला अक्का चारचौघांत "नीळ्या" म्हणून हाक मारायच्या आणि विद्वान "ओ" देत पळायचे.

अक्कांना एकच व्यसन होतं, पण ते आख्ख्या बोळाला पुरेल एवढं. मिश्री. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डब्यात भरून ठेवायची. ज्या दिवशी अक्का मिश्री भाजत त्या दिवशी बोळाच्या दोन्ही टोकांना माणसं खोकत. सकाळी उठल्यावर मिश्री, भाकऱ्या थापून झाल्या की मिश्री, भांडणाला जायच्या आधी मिश्री आणि भांडून आल्यावर मिश्री. चिमूटभर हिरड्यांवर घासायची, उंबऱ्यावर बसायचं आणि मग डोळे बारीक करून जगाचा न्याय करायचा. त्या न्यायात माझं नाव फार वेळा येई.

एके दिवशी नळावरच अक्कांना भोवळ आली. घागर पडून फुटली आणि त्याही खाली बसल्या. आम्ही टांगा आणला. मास्तरांनी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, नाडी पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "हृदय दमलंय. आजी, मिश्री आजपासून बंद. नाहीतर पुढच्या वेळी टांगा करून आणायची वेळ यायची नाही."

अक्का ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "डाक्टर, तरण्याताठ्यास्नी सांगा सोडा म्हणून. माज्या हाडात मुरलंय ते इख. आता ह्या वयात सोडलं काय, न सोडलं काय, निघतंय व्हय ते?"

"निघतं की. म्हातारं माणूससुद्धा सोडल्यावर सुधारतं."

अक्कांनी मान वळवून भावाकडे बघितलं. "व्हय रं नीळ्या? हे सिद्ध झालंय का?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'हो' एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. आमच्या वकिलांनी ते झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण या गृहस्थानं जन्मात न पाहिलेल्या गोष्टीला हो म्हटलं नव्हतं, आणि ही सवय त्यानं नेमकी त्या दिवशीही मोडली नाही. टांग्यातून परत येताना अक्का जिंकल्यासारख्या बसल्या होत्या. मास्तर घोड्याच्या शेपटीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर विषप्रयोग सुरू झाला.

मातीच्या पसरट परळात पाणी घ्यायचं, त्यात मिश्री कालवायची, गाळायची आणि तिन्ही कुंड्यांतलं एकेक गांडूळ त्यात सोडायचं. ते निपचित पडलं की बाहेर काढून स्वच्छ पाण्यानं धुवायचं, ओल्या फडक्यावर ठेवायचं आणि उठतं का बघत बसायचं. माझ्या डोळ्यांदेखत आमचं पिण्याचं पाणी या पुण्यकर्मात जात होतं. मी तक्रार केली तर मास्तर म्हणाले, "भाऊराव, म्हातारपणी इख जास्त बाधतं का, आणि बाधलेलं उतरतं का, एवढंच बघायचंय." त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी घागर तिथंच ठेवून आत गेलो. नंतर मला माझाच राग आला.

बालवर्गाचं वागणं वर्गासारखंच होतं. पाण्यात पडल्याबरोबर आकांत, उलट्या कोलांट्या, आणि लगेच सगळं संपल्यासारखं अंग टाकून देणं. पण धुऊन ठेवलं की आमचा चहा होईतो पठ्ठे चालायला लागत. संसारी जरा उशिरा पडत आणि जरा उशिरा उठत, तोंडं पाडून का होईना पण उठत. पेन्शनर मात्र आधी हलायचेसुद्धा नाहीत. आमच्या कचेरीतले जुने कारकून, वकीलसाहेब ओरडत असताना, बसतात तसे स्वस्थ पडून राहत. मास्तर पहिल्या दिवशी आनंदानं ओरडलेच, "बघा, जुनं हाड! बाधतच नाही याला." मग तो पेन्शनर सावकाश सैल पडला. धुतला, फडक्यावर ठेवला. चहा झाला, जेवणं झाली, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. तो उठला नाही.

मास्तर म्हणाले, पाणी जड असेल. दुसऱ्या वेळी म्हणाले, ऊन फार आहे. तिसऱ्या पेन्शनरला त्यांनी माझ्या माठाला टेकवून ठेवलं आणि पंख्यानं वारा घालत बसले. मी कचेरीला निघालो होतो. "मास्तर, नुसता वारा काय घालताय? पायही चेपा की," असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. संध्याकाळी परत आलो तेव्हा पंखा बाजूला पडला होता आणि मास्तर शेवंतीच्या रोपाखाली बोटानं खड्डा उकरत होते. त्यानंतरचा एक पेन्शनर मात्र फार उशिरा, जरासा हलला. त्या जराशावर मास्तर आठवडाभर जगले.

इकडे डब्यातली मिश्री झपाट्यानं कमी होऊ लागली. अक्कांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी सरळ माझ्या दारात येऊन माझ्या बायकोवर आळ घेतला.

"यमुने, माजी मिश्री कशापायी चोरतीस गं? मागितली असती तर दिली नसती व्हय?"

"मी कशाला चोरू? माझी माझ्याकडं हाय की!" यमुना तावातावानं म्हणाली आणि फळीवरच्या हळदीच्या डब्यामागून स्वतःचा डबा काढून तिनं अक्कांच्या नाकापुढे धरला. माझ्या घरात मिश्री नांदते आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. मी दोघींच्या मधे उभा होतो, पण माझ्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती. बोळ जमा झाला. भांडण फार जुन्या काळातल्या एका उखळापर्यंत मागे गेलं, तेव्हा मास्तर खाली मान घालून पुढे आले.

"अक्का, मिश्री मी घेतली. गांडुळांसाठी."

अक्कांनी कमरेवरचे हात खाली घेतले. ही गोष्टही बोळानं प्रथमच पाहिली.

"मला सोड म्हंतोस, आन किड्यास्नी चारतोस?"

"त्यांच्यावर प्रयोग चाललाय. म्हातारी गांडुळं उठतात का ते बघतोय."

"मग? उटत्यात का?"

"चाललंय अजून," मास्तर म्हणाले आणि आत निघून गेले. अक्का बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांनी यमुनेची माफी मागितली नाही, पण संध्याकाळी वाटीभर शेंगाचटणी पाठवली. आमच्याकडे माफी तशीच येते.

आषाढाच्या तोंडाशी अक्कांना पुन्हा भोवळ आली, या खेपेला चुलीपुढे. हात भाजला. तरी शुद्धीवर आल्यावर पहिली चिमूट मिश्रीचीच. मास्तर हातावर खोबरेल लावत होते. तोवर पेन्शनरांच्या कुंडीत एकटा आप्पा उरला होता.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. अक्कांना पाटावर बसवलं, यमुनेला आणि मला समोर उभं केलं. धुतलेला सदरा घातला होता. परळात मिश्रीचं काळं पाणी तयार होतं.

"अक्का, नीट बघ. हा आपला आप्पा. सगळ्यांत म्हातारा."

त्यांनी मुठीतून एक गांडूळ पाण्यात सोडलं. ते वळवळलं, तडफडलं आणि पडलं. मास्तरांनी घाईघाईनं ते धुतलं आणि फडक्यावर ठेवलं. थोड्याच वेळात ते डोकं हलवायला लागलं आणि ऐटीत फडक्याच्या कडेकडे निघालं.

"सिद्ध झालं!" मास्तर इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या मागावरचा विणकर धोटा थांबवून डोकावला. "म्हातारं असलं तरी उठतं! स्वच्छ पाणी मिळालं की उठतं! झालं ना सिद्ध, भाऊराव?"

मी फडक्याकडे बघत होतो. ते गांडूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं काळसर होतं. फिकट शेपूट कुठंच नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या पुराव्यात खोट काढणाऱ्या माणसानं खोटा साक्षीदार उभा केला होता, आणि तोही इतका कच्चा की आमच्या वकिलांना लाज वाटली असती. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हणालो, "झालं मास्तर. सिद्ध झालं."

अक्का पाटावरून वाकल्या. "ह्यो आप्पा न्हाय," त्या म्हणाल्या.

"असं काय करतेस अक्का, आप्पाच की."

"रोज दुपारी तू वाचनालयात जातोस तवा कुंड्यांवर पाणी कोन मारतंय? तुजा बा?" अक्कांनी स्वतः पेन्शनरांच्या कुंडीत हात घातला, माती बाजूला केली आणि फिकट शेपटीचा आप्पा अलगद काढून भावाच्या तळहातावर ठेवला. "ह्यो आप्पा. ह्येला घाल पान्यात. हुंदे सिद्ध."

मास्तर आप्पाकडे बघत बसले. हात परळावर नेला आणि मागे घेतला. आप्पा त्यांच्या बोटांच्या बेचक्यात सावकाश अंधार शोधत होता.

"घाल की रं."

"अक्का," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला, "हा नाही उठला तर?"

त्यांनी आप्पावर दुसरा हात झाकला.

"मला दुसरं कोण आहे गं? तू नाही उठलीस तर मी काय करू?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि पाय निघेनात. यमुनेनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, ते मी ओट्याबाहेर थुंकायच्या निमित्तानं लपवलं. या माणसाची मी इतकी चेष्टा केली होती, आणि तो बिचारा एवढे दिवस ओट्यावर बसून आपल्या बहिणीचं आयुष्य चाचपून बघत होता.

अक्कांनी पदर खोचला. मग त्यांनी परळ उचलला आणि काळं पाणी मोरीत ओतलं. आत गेल्या, मिश्रीचा डबा आणला आणि तोही मोरीत उपडा केला. डब्याच्या बुडाला दोनदा थापटी मारली.

"ऱ्हाऊ दे. नगं सिद्ध करूस," त्या म्हणाल्या. "आसंच सोडते. त्येला ठेव आता मातीत, वाळतंय ते."

पुढचे दिवस बोळानं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मिश्री सुटलेल्या अक्कांपेक्षा मिश्रीचा धूर बरा, असं लोक उघड म्हणायला लागले. त्यांचं डोकं दुखे, हात थरथरत, भाकरी करपली तर दोष चुलीचा, नळ गेला तर दोष माझा. बदामाची टरफलं जाळून केलेलं दंतमंजन मास्तरांनी आणून दिलं, ते त्यांनी भावाच्या अंगावर उडवलं. काळ्या तोंडानं मास्तर ओट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "बालवर्गसुद्धा आधी असाच आकांत करतो." यमुनेनंही आपण मिश्री सोडल्याचं मला सांगितलं. हळदीच्या डब्यामागे मी अजून बघितलेलं नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा अक्का पुन्हा नळावर दिसू लागल्या. आधी नुसता तांब्या घेऊन, मग कळशी, आणि एका सकाळी चक्क घागर. भोवळ आली नव्हती. आवाजाला तर पूर्वीपेक्षा धार आली होती. रांग मोडणाऱ्या एका बाईचं माहेर-सासर त्या एका दमात काढत होत्या आणि मास्तर ओट्यावर आप्पाला आंघोळ घालता घालता ते कौतुकानं ऐकत होते.

आयती संधी मी सोडणार नव्हतो. "काय मास्तर, म्हातारं माणूस सुधारतं. झालं की नाही सिद्ध?"

त्यांनी आप्पाला मातीत ठेवलं, पोतं ओढून घेतलं आणि मान हलवली.

"एका उदाहरणावरनं काही सिद्ध होत नाही, भाऊराव." मग नळाकडे बघत ते हळूच म्हणाले, "पण माझ्याकडं तेवढं एकच आहे."

तेवढ्यात नळावरून हाक आली, "नीळ्या, घागर धर की रं!" आणि मास्तर ओले हात धोतराला पुसत अनवाणीच पळाले.